घडी कुणी मोडली

नव्या रेशमी साडीच्या घडीवरची रेघ नीट पाहिली तर ती पूर्ण सरळ नसते. काठाजवळ वीण वेगळी असते, त्यामुळे तिथे ती केसभर बाहेर झुकते. साडी एकदा नेसली की रेघेवरचे तंतू चपटे होतात. मग पुन्हा घडी घाला, इस्त्री फिरवा, रेघ जुन्या जागी बसत नाही. तिच्या शेजारी बसते. भिंगातून पाहिलं तर दोन रेघा दिसतात: एक दुकानातली, एक माणसाची.

केतकी बोराडेच्या साड्यांवरची ही दुसरी रेघ बहुतेक वेळा तिची स्वतःची नसायची. नवी साडी आणली की ती आधी नणंदेला द्यायची, घडी मोडायला. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याने घडी मोडली की साडी लाभते, असं तिची आई म्हणायची. लाभण्या-न लाभण्यावर केतकीचा विश्वास नव्हता. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. पण वृषालीताईंवर तिचा जीव होता आणि तो बोलून दाखवायची तिला सवय नव्हती. त्यापेक्षा साडी देणं सोपं होतं.

वृषालीताई सिन्नरला डोळ्यांचं हॉस्पिटल चालवायच्या. लग्न केलं नव्हतं. रोज सुती कुर्ता आणि त्यावर अ‍ॅप्रन. कुठे समारंभ असला की नाशिकला भावाकडे यायच्या आणि चपला काढता काढताच विचारायच्या, "काय गं केतकी, काही कोरं आहे का घरात?"

"साड्या माझ्या बायकोने घ्यायच्या आणि मिरवायच्या तू," केतकीचा नवरा पराग म्हणायचा.

"तुला जळायला काय झालं? तुझा शर्ट मागितलाय का मी?"

त्यांची मुलगी ओवी नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि थोड्या महिन्यांनी तिने फोनवर सांगून टाकलं, की माझी खोली आता माझी म्हणून अडवून ठेवू नका. त्या संध्याकाळी केतकीने आलेखाचा कागद काढला आणि त्यावर ती खोली मापात उतरवली.

निफाडला तिच्या लहानपणी सगळ्या घराला मिळून एक लोखंडी कपाट होतं. केतकीच्या वाट्याला त्यातला अर्धा कप्पा, उरलेल्या अर्ध्यात पाहुण्यांच्या चादरी. गणवेश ओढला की चादरी अंगावर यायच्या. तेव्हापासून तिच्या मनात एक खोली होती. आत जाऊन दार लावता येईल आणि प्रत्येक कपडा समोर दिसेल, अशी. तिला आता वॉक-इन क्लोझेट म्हणतात हे केतकीला माहीत होतं. घरात मात्र सगळे कपड्यांची खोलीच म्हणू लागले.

तिने आराखडा सावकाश केला. कपाटं उत्तरेच्या भिंतीला, म्हणजे रेशमावर थेट ऊन पडणार नाही. खण उथळ, म्हणजे एकीवर एक साड्यांचा भार पडून जरीची तार मोडणार नाही. मधोमध मोकळी जमीन, निऱ्या घालताना मागे-पुढे होता येईल एवढी. आणि दोन आरसे असे तिरके, की पाठीवरचा पदर मान न वळवता दिसावा.

"आणि माझे शर्ट?" परागने कागदावर वाकून विचारलं.

"दाराच्या मागे हूक आहे."

"हूक! एका खोलीत मला एक हूक!"

"दोन करते. रागावू नकोस."

खोली बसवणाऱ्या कंपनीकडून प्राची नावाची इंजिनिअर आली. सागाच्या पट्ट्या आणि सरकते खण झाल्यावर तिने एक छोटी डबी काढली आणि छताजवळ बसवली. हल्ली प्रत्येक नव्या कपाटात ती असते, आणि घरोघरी तिला नुसतं नाक म्हणतात.

"यात हवा ओढली जाते, मॅडम. एका वेळी एकाच खणातली," प्राची म्हणाली. डबीच्या आत नखाएवढी काळी पट्टी होती. तिच्यावर वेगवेगळ्या पदार्थांचे हजारो ठिपके. हवेतला रेणू ज्या ठिपक्याला मानवतो तो ठिपका किंचित फुगतो, आणि फुगला की त्यातून जाणारी वीज बदलते. एकटा ठिपका काही सांगत नाही. सगळे मिळून एक नक्षी तयार होते. कसर लागली की एक नक्षी, बुरशी आली की दुसरी, घाम राहिला की तिसरी. साडी उन्हाला दाखवायची वेळ झाली की नाक आपणहून कळवणार.

केतकी स्टुलावर चढून पट्टी बघत होती. "आणि माणसाच्या त्वचेचं तेल?"

प्राचीला असा प्रश्न सहसा कुणी विचारत नसावं. तिचा चेहरा खुलला. "तेच तर मुख्य, मॅडम. आरोग्य सूचना चालू ठेवल्या तर तेही वाचतं. काही आजारांत त्वचेवरचं तेल फार आधी बदलतं. कंपवातात तर हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी. सुती कपडा धुतला की ते निघून जातं. रेशीम आपण धुवत नाही, आणि रेशीम म्हणजे प्रथिन. तेल धरून ठेवतं. नव्या रेशमात तंतूंच्या आत जागा रिकामी असते, ती पहिल्यांदा घालणाऱ्याच्या तेलाने भरते. नंतरचं सगळं वरवर बसतं. म्हणून नाक हवा थोडी गरम करून आधी वरचं उडवून देतं आणि मग खोलवरचं वाचतं. खोलवरचं ते मालकाचं."

"असं का?"

"म्हणजे, नवा कपडा पहिल्यांदा मालकच घालणार ना!"

"हो," केतकी म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने आरोग्य सूचना चालू ठेवायला सांगितल्या.

सूचना श्रावणात आली. शुक्रवारच्या हळदीकुंकवाला जाऊन आलेल्या साड्या तिने खणांत ठेवल्या होत्या. भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर सौम्य निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, की मालकिणीच्या त्वचेच्या तेलात कंपवाताच्या पूर्वखुणा आढळल्या आहेत, त्या काही वर्षांपासून वाढत आहेत, आणि मेंदूविकारतज्ज्ञांना भेटणं बरं.

केतकीने ते दोनदा वाचलं आणि परागला हाक मारली. त्याने एकदाच वाचलं आणि खाली जमिनीवर बसला.

पुढचे दिवस तपासण्यांत गेले. मानेमागच्या कातडीचा नमुना झाला, मेंदूचं चित्र झालं, बोटांनी टिचक्या मारून झाल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी शेवटी सगळे कागद बाजूला सारले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काहीही झालेलं नाही. तुमच्या वयाला माझ्याही आईची तब्येत इतकी चांगली नव्हती."

घरी येताना परागने पेढे घेतले आणि घरात शिरताच म्हणाला, "ते नाक आधी काढून टाक."

"काढू. पण आधी बघू दे."

"काय बघायचंय? चुकलं ते!"

"चुकणारं उपकरणही काहीतरी मोजत असतंच," केतकी म्हणाली. "काय मोजतंय ते कळल्याशिवाय चुकलं म्हणता येत नाही." वर्गात हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं, की ते तोंडातून आपोआप निघालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एकेक खण वेगळा वाचायला लावला. सुती साड्यांत काही नाही. कुर्त्यांत नाही. लग्नातला शालू स्वच्छ, जुनी रेशमी वस्त्रंही स्वच्छ. खूण फक्त गेल्या काही वर्षांतल्या रेशमी साड्यांवर होती, आणि त्यांतही दोन सुटल्या होत्या. एक करवंदी नारायणपेठ आणि एक पांढरी टसर.

त्या दोन साड्या मांडीवर घेऊन ती खोलीच्या मधोमध बसली. यांच्यात वेगळं काय? रंग वेगळे, दुकानं वेगळी, दोन्ही तिने भरपूर नेसलेल्या. करवंदी साडी घेतली तेव्हा वृषालीताई परिषदेला चेन्नईला गेल्या होत्या, म्हणून घडी कॉलेजातल्या मैत्रिणीने मोडली होती. टसर ओवीने हट्टाने आधी नेसली होती.

बाकीच्या सगळ्यांची घडी ताईंनी मोडली होती.

गेल्या गणपतीतली गोष्ट तिला आठवली. दूध उतू जाऊन जळलं होतं, धूर बैठकीपर्यंत आला होता, आणि ताई ओट्याला टेकून फोनवर काहीतरी वाचत शांत उभ्या होत्या. सगळे हसले होते. डॉक्टरांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे, म्हणून. या आजारात वास येणं आधी जातं, हे केतकीने तपासण्यांच्या दिवसांत वाचलं होतं. तेव्हा तिने स्वतः मुद्दाम हिंगाची डबी उघडून पाहिली होती.

परागला तिने रात्रीच्या जेवणाआधीच सांगितलं. तो ऐकून घेत होता, आणि ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावर एक कोरडेपणा आला.

"हे नक्की नाही," तो म्हणाला.

"नक्की नाही."

"तीनचार वर्षांच्या साड्या. मध्ये ड्रायक्लीन, मध्ये तू नेसलेली. तूच म्हणतेस ना, एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही म्हणून? मग ताईला काय सांगणार? माझं कपाट म्हणतं तुला कंपवात होणार?" तो थांबला. "केतकी, ती मायक्रोस्कोपखाली लोकांच्या डोळ्यांत सुरी घालते. हे तिला म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं, कळतंय ना तुला?"

कळत होतं, आणि म्हणूनच तिने पुढची गोष्ट केली. येवल्याहून एक मोरपंखी साडी आणली. कोरी, दुकानाच्या पिशवीतून थेट खणात. नाकाने ती वाचली आणि स्वच्छ ठरवली. मग केतकी वाट पाहू लागली.

ताई दसऱ्यानंतर आल्या. त्यांच्या हॉस्पिटलातल्या जोडीदार डॉक्टर नसरीन तांबोळी यांच्या भावाचं लग्न होतं.

"काही कोरं आहे का घरात?"

"आहे ना," केतकी म्हणाली आणि मोरपंखी साडी त्यांच्या हातात ठेवली. "तुमच्यासाठीच ठेवली होती. घडी मोडा."

ताईंनी पदर हातावर पसरला आणि काठावरच्या मोरावरून अंगठा फिरवला. "अगं, ही तर मी परत देणार नाही."

"नको देऊ," पराग एकदम म्हणाला. केतकीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर फिरवली.

"वेडा आहेस का? परत दिली नाही तर पुढची कशी मिळेल?" ताई हसल्या. जेवताना त्या नसरीनबद्दल बोलत राहिल्या. नसरीनला ऑपरेशनसाठी यंत्राचे हात आणायचे होते. पुण्यात, नाशकात सगळीकडे आलेत. आपण कधी आणायचे, म्हणून ती दर महिन्याला मागे लागते. "मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. माझे आहेत ना अजून!" त्यांनी भाकरीचा तुकडा धरलेला हात वर केला. हात स्थिर होता. केतकी त्या हाताकडे पाहत होती आणि आपण पाहतो आहोत याची तिला लाज वाटत होती.

लग्न झालं. साडी परत आली, ताईंच्या सवयीप्रमाणे मलमलच्या कापडात गुंडाळून, आत दोन लवंगा टाकून. केतकीने ती खणात ठेवली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने पडद्यावर अक्षरं आली. या वेळी खूण आधीच्या कुठल्याही साडीपेक्षा ठळक होती.

खोलीत सगळं तिच्या मनासारखं झालं होतं. आरसे हवे तसे तिरके होते. एका आरशात तिला तिची पाठ दिसत होती आणि दुसऱ्यात चेहरा. कुठल्याच आरशाकडे तिला बघवेना.

आता खात्री झाली होती, आणि खात्री झाल्यावर सांगायचं असं तिने स्वतःला बजावलं होतं. ती आज सांगू, उद्या सांगू करत राहिली. दिवाळीआधी नको. दिवाळीत कसं सांगणार? पाडव्याला पराग म्हणाला, "औषध आहे का त्यावर?" आजार लांबवणारं नवं औषध आलं होतं. लवकर सुरू केलं तर बराच काळ माणूस आपली कामं आपण करू शकतो, असं तरुण डॉक्टर म्हणाले होते. पण सुरीच्या टोकाला लागते तशी अचूकता ते परत देत नाही. "म्हणजे सांगितलं तर तिचा फायदाच आहे," पराग म्हणाला. आणि मग, "पण ऑपरेशन तिचं सगळं आयुष्य आहे गं." दोन्ही वाक्यं खरी होती. त्यांच्यामध्ये कार्तिक निघून गेला.

केतकीच्या आईला डाव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं होतं. मोतीबिंदू. निफाडहून आईचा फोन आला, की वृषालीकडेच करायचं, दुसऱ्या कुणाचा हात लावून घ्यायचा नाही. ताईंनी तारीखही दिली. केतकीने तारखेच्या दोन दिवस आधी फोन करून सांगितलं की आईला सर्दी झाली आहे. दुसरी तारीख मिळाली तेव्हा म्हणाली, घरात लग्न आहे. खोटं बोलायचा तिला सराव नव्हता. तरी जमलं.

त्याच आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधल्या खैरनार वहिनी बेसनाचे लाडू घेऊन आल्या.

"तुमचे उपकार आहेत बघा," त्या म्हणाल्या. "तुमच्या नणंदबाईंनी मंगळवारी आमच्या सासूबाईंचा डोळा केला. काय तो हात! आता म्हातारी वाटाण्यातली अळीसुद्धा शोधते. तुम्ही नाव सुचवलं म्हणून झालं."

केतकीने ते नाव उन्हाळ्यात सुचवलं होतं, नाकाची सूचना यायच्या आधी. पण मंगळवार गेल्या आठवड्यातला होता, आणि तेव्हा तिला सगळं माहीत होतं. खैरनार वहिनींच्या सासूबाई लिफ्टमध्ये भेटल्या होत्या तिला. हातात पिशवी, पिशवीत टॉवेल. "येते हं डोळा करून," म्हणाल्या होत्या. केतकीने लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं.

लाडवाचा डबा तिने ओट्यावर ठेवला आणि तिथेच उभी राहिली. आपल्या आईला तिने थांबवलं होतं. दुसऱ्याच्या आईला दार उघडून दिलं होतं. आपण गप्प आहोत ते ताईंवरच्या मायेपोटी, असं ती समजत आली होती.

रविवारी वृषालीताई न कळवता आल्या.

"खोली बघायला आले," त्या म्हणाल्या. "पराग कुठे?"

"भाजी आणायला गेलाय."

केतकीने त्यांना कपड्यांच्या खोलीत नेलं. ताईंनी खण ओढून पाहिले, आरशांसमोर उभ्या राहून पाठ पाहिली, हुकावर लटकलेले परागचे शर्ट पाहून हसल्या. मग त्या मधल्या बैठ्या चौरंगावर बसल्या.

"छान झालीय. अगदी तुझ्यासारखी. आता सांग, आईंचं ऑपरेशन का ढकलतेयस?"

"त्यांना सर्दी..."

"मी निफाडला फोन केला होता. त्या म्हणाल्या, मला कसली सर्दी? सर्दी केतकीला झाली असेल तर तिला विचारा. आणि लग्नाचं विचारलं तर म्हणाल्या, कुणाचं लग्न? मला पत्रिका नाही आली." ताई हसत नव्हत्या. "माझ्याकडे पाठवायचं नाहीये का तुला? दुसरं कुणी बघितलंयस? सरळ सांग. मला राग नाही येणार."

केतकी खाली फरशीवर बसली. ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने तिने सांगितलं. नाक काय वाचतं. तिला आलेली सूचना. तिच्या तपासण्या. कुठल्या साड्यांवर खूण होती, कुठल्या दोन सुटल्या आणि का. बोलताना तिचा आवाज वर्गातल्यासारखा सपाट होत गेला, आणि तो तसा होतोय हे तिला कळत होतं, पण दुसऱ्या कुठल्या आवाजात तिला हे सांगता आलं नसतं.

ताई रुग्णाची हकिगत ऐकावी तसं ऐकत होत्या. मध्ये त्यांनी विचारलं, "ड्रायक्लीनच्या रसायनाने फरक पडू शकतो?"

"स्वच्छ निघालेल्या दोन्ही साड्या त्याच दुकानात गेल्या होत्या."

"हं. आणि मोरपंखी?"

केतकीने मोरपंखी साडीच्या खणाकडे पाहिलं.

"ती नंतर घेतलीस. सूचना आल्यानंतर." ताईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. "ती मला नेसायला दिली नव्हतीस तू."

"नाही."

"मी ती सगळ्यांना दाखवत फिरले गं लग्नात. आमच्या केतकीची साडी, आमच्या केतकीची साडी." त्या उठल्या. आरशांत त्यांची पाठ आणि चेहरा एकदमच दिसले. "मला विचारलं असतंस तर मानेवरून कापूस फिरवून दिला असता मी. बाटलीत घालून, वर नाव लिहून. साडी कशाला मध्ये आणलीस?"

"विचारायला धीर झाला नाही."

"आणि परागला माहीत होतं. म्हणून तो म्हणाला, परत नको देऊ."

"हो."

ताई खिडकीशी गेल्या. खाली कुणीतरी स्कूटर धुवत होतं, पाण्याचा आवाज वर येत होता. त्या पाठमोऱ्याच बोलू लागल्या.

"डावा हात. थरथरत नाही. पण चिमटा धरताना मी श्वास रोखते. आधी रोखत नव्हते. गेल्या हिवाळ्यापासून." त्या थांबल्या. "मायक्रोस्कोप एक घर जास्त मोठा करून घेते. वयामुळे असेल म्हटलं. मी लोकांना रोज सांगते, वयामुळे होतं, घाबरू नका."

"डॉक्टर तांबोळींना माहीत आहे?"

"नसरीन? तिला काय यंत्राची हौस आहे?" ताई वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि त्याखाली थकवा. "माझं मन राखायला यंत्राचं नाव घेते ती. इतके दिवस मला ते कळत होतं आणि मी म्हणत होते, पुढच्या वर्षी." मग एकदम आवाज चढवून, "पण मी एकही डोळा बिघडवलेला नाही, केतकी. एकही नाही. काढून बघ हॉस्पिटलातलं सगळं."

"मला माहीत आहे."

"मग?"

केतकीने मान वर केली. हे वाक्य तिने ठरवलेलं नव्हतं. "माझ्या आईला मी तुमच्याकडे येऊ दिलं नाही, ताई. आणि समोरच्या खैरनारांच्या सासूबाई निघाल्या तेव्हा मी लिफ्टचं दार धरलं. मला एवढंच सांगता येतं."

खाली पाण्याचा आवाज बंद झाला.

ताई पुन्हा येऊन चौरंगावर बसल्या. काही क्षण त्या आपल्या दोन्ही हातांकडे पाहत होत्या. तळवे वर, मग खाली. केतकीला वाटलं त्या आता रडतील, पण त्या रडल्या नाहीत. त्यांनी हात पुढे करून केतकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. केतकीच्या लग्नात, पहिल्यांदा भेटल्या तेव्हाही असंच केलं होतं त्यांनी.

"तुझ्यावर मी नंतर रागावणार आहे," त्या म्हणाल्या. "नीट वेळ काढून. आज दुसरं काम आहे."

त्यांनी फोन काढला, मांडीवर ठेवला आणि नसरीनचं नाव उच्चारलं. पलीकडून लगेच आवाज आला, मागे कुकरची शिट्टी, एका लहान मुलाचं ओरडणं.

"बोला मॅडम. रविवारी कसा फोन?"

"मंगळवारची ऑपरेशनं तू कर."

"चालेल. कुठे बाहेर जाताय का? बरं नाही का?"

"नाही. ऐक नसरीन." ताईंनी श्वास घेतला. या वेळी त्यांनी तो रोखला नाही, सोडला. "मंगळवारची नव्हे, सगळीच. यापुढे मी ऑपरेशन करणार नाही."